तिन्हीसांजेची लेक

नैरोबीतल्या आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना मी 'मामा' म्हणायचे. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. वयाने मोठ्या बाईला तिथे सगळेच अशी हाक मारतात. मराठी जिभेला मात्र ती सुरुवातीला अडखळायची. आपला मामा म्हणजे आईचा भाऊ, मे महिन्याच्या सुट्टीतलं घर, माहेरचं माणूस. माझी मोडकी स्वाहिली आणि त्यांची तुटक इंग्रजी यांच्या मदतीने आमच्या ज्या गप्पा झाल्या, त्यांतल्या बऱ्याचशा पुढे माहेर-सासरावरच येऊन थांबल्या. ते दोन शब्द मीच त्यांना शिकवले होते. 'सासर' त्यांना पटकन आलं. 'माहेर'मधला ह त्या गिळून टाकायच्या.

मामा बोमेटच्या. नैरोबीहून निघून माई माहियूचा घाट उतरायचा, नारोक मागे टाकायचं आणि पश्चिमेला जात राहायचं. सव्वादोनशे-एक किलोमीटरवर बोमेट येतं. चहा, मका, दुभत्या गाई आणि सतत ओली असल्यासारखी तांबडी माती. हा किप्सिगिस लोकांचा मुलूख. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मामा मतदानासाठी चार दिवसांची सुट्टी घेऊन गावी गेल्या. केनियात एकाच दिवशी सहा मतपत्रिका हातात पडतात: राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर, सेनेटर, खासदार, महिला प्रतिनिधी आणि वॉर्डाचा प्रतिनिधी. त्या परत आल्या तेव्हा बोटाची शाई तशीच होती. पिशवीतून चहाची पुडी काढून माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "आमच्याकडे बाई गव्हर्नर झाली." मग थोडं थांबून, "तिला म्हणत होते, नवऱ्याच्या गावी जा."

ती बाई म्हणजे जॉइस चेरोनो लाबोसो.

त्या दुपारी मामांनी मला या नावाचा अर्थ सांगितला. किप्सिगिस लोकांत मूल कोणत्या वेळी जन्मलं, यावरून त्याचं नाव पडतं. मुलगा असेल तर नावाला 'किप' लागतं, मुलगी असेल तर 'चे' किंवा 'चेप'. संध्याकाळी शेळ्यामेंढ्या चरून घराकडे वळतात, त्या वेळी जन्मलेली ती चेरोनो. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे याला तिन्हीसांज म्हणतात, दिवेलागण म्हणतात, पण त्यावरून कुणी लेकीचं नाव ठेवत नाही. उलट त्या वेळी दार उघडं ठेवतात आणि घरात कुणी झोपायचं नाही, असं मोठी माणसं सांगतात. त्यांना ते फार आवडलं. जॉइसची बहीण लॉर्ना चेपकेमोई. चेपकेमोई म्हणजे रात्री जन्मलेली. एक सांजेची, एक रात्रीची. जॉइसची सगळी राजकीय कहाणी त्या रात्रीच्या बहिणीपासून सुरू होते.

लॉर्ना लाबोसो डिसेंबर २००७ च्या निवडणुकीत बोमेटच्याच मुलखातल्या सोतिक मतदारसंघातून खासदार झाल्या. त्या निवडणुकीनंतर केनियात जे घडलं, ते आठवणीत असणारी माणसं आजही त्याबद्दल हळू आवाजात बोलतात. हजाराहून अधिक लोक मारले गेले आणि लाखो बेघर झाले. वादातून मार्ग काढत दोन्ही बाजूंचं संयुक्त सरकार बसलं आणि लॉर्ना गृहखात्याच्या सहायक मंत्री झाल्या. १० जून २००८ ला त्या आणि रस्ते खात्याचे मंत्री किपकाल्या कोनेस नैरोबीहून केरिचोकडे एका छोट्या सेस्ना विमानाने निघाले. त्या भागात आइनामोईची पोटनिवडणूक होती. विमान नारोक जिल्ह्यात कोसळलं. आतले चौघेही गेले. लॉर्ना खासदार होऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते.

दोन जागा रिकाम्या झाल्या, बोमेट आणि सोतिक. सप्टेंबर २००८ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि दोन्हीकडून बायका निवडून आल्या. बोमेटमधून कोनेस यांच्या पत्नी बिआट्रिस, सोतिकमधून लॉर्नाची बहीण जॉइस. वरवर पाहता दोन्ही गोष्टी सारख्याच वाटतात. गेलेल्या माणसाच्या घरातली बाई उभी करायची, सहानुभूतीची मतं मिळवायची, हे आपल्या ओळखीचंच आहे. मला मात्र त्या दोघींत मोठा फरक दिसतो. नवऱ्याच्या जागी बायको आली तर गावाला काही अवघड वाटत नाही, कारण ती आता त्या घरचीच असते. बहिणीच्या जागी बहीण येते तेव्हा ती माहेराच्या अंगणात उभी राहते. आणि लग्न झालेली लेक माहेराच्या अंगणात पाहुणी असते, असं जगातल्या फार मोठ्या भागाला वाटतं.

जॉइस लाबोसोंचं लग्न लुओ समाजात झालं होतं. सासर पलीकडच्या किसुमूच्या बाजूला, फोर्ट टर्ननच्या परिसरात. आडनाव त्यांनी लाबोसोच ठेवलं.

इथे मला माझ्या आत्याची आठवण येते. ती न येता मी हा लेख लिहूच शकले नसते. आत्या तिशीतच विधवा होऊन माहेरी आली आणि पुढची सगळी वर्षं आमच्याच गावात राहिली. गावातल्या अर्ध्या बायकांची बाळंतपणं तिने निभावली. रेशनच्या दुकानातल्या मापावर सगळ्यांत आधी बोट ठेवणारीही तीच. १९९३ नंतर ग्रामपंचायतीत बायकांसाठी एकतृतीयांश जागा आल्या, आमचा वॉर्ड राखीव झाला आणि तिने उभं राहायचं ठरवलं. तेव्हा भावकीतल्या एका वडीलधाऱ्याने आमच्या ओट्यावर बसून, चहा पिता पिता सांगितलं, "लेकीनं सासरी उभं राहावं. इथली जागा सुनांची." आत्याचं नाव मतदार यादीत होतं, रेशनकार्डावर होतं, सगळं कायदेशीर होतं. तो माणूस कायद्याबद्दल बोलतच नव्हता. आत्याने अर्ज भरला नाही. त्या संध्याकाळी ती गोठ्यात बराच वेळ बसून होती. मी लहान होते. तिला बोलवायला गेले तर म्हणाली, "जा तू, मी येते."

म्हणून 'नवऱ्याच्या गावी जा' हे मामांचं वाक्य मी ऐकलं, तेव्हा कामाच्या ओट्याशी नुसती उभी राहिले.

लाबोसो मुळात प्राध्यापक. केन्याटा विद्यापीठात शिकल्या, इंग्लंडमधल्या हल विद्यापीठातून लिंगभाव आणि भाषाशिक्षण या विषयात पीएचडी केली आणि एन्जोरोच्या एगर्टन विद्यापीठात भाषा शिकवत होत्या. बहीण गेली नसती तर बहुधा तिथूनच निवृत्त झाल्या असत्या. संसदेत आल्या त्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. भाषेत बाई आणि पुरुष कसे घडवले जातात, याचा अभ्यास केलेली बाई पुढची अकरा वर्षं रोज तीच भाषा स्वतःबद्दल ऐकणार होती, हे मला वारंवार जाणवतं.

२०१३ मध्ये त्या सोतिकमधून पुन्हा निवडून आल्या आणि नॅशनल असेंब्लीच्या उपसभापती झाल्या. डिसेंबर २०१४ मध्ये सुरक्षाविषयक कायद्यांच्या दुरुस्तीवर सभागृहात हाणामारी झाली. कागद फाडले गेले, सदस्य एकमेकांच्या अंगावर धावून गेले आणि त्या गदारोळात लाबोसोंच्या अंगावर पाणी फेकलं गेलं. मामांना हा प्रसंग तपशिलासकट ठाऊक होता. त्या म्हणायच्या, ती रडली नाही, हे आम्ही पाहिलं.

आता गव्हर्नरपदाबद्दल, कारण आपल्याकडच्या राज्यपालाशी त्याचा काही संबंध नाही. २०१० च्या संविधानाने केनियात ४७ काउंटी निर्माण केल्या. प्रत्येक काउंटीला स्वतःची विधानसभा आणि थेट लोकांनी निवडलेला गव्हर्नर. राष्ट्रीय महसुलातला किमान १५ टक्के वाटा काउंट्यांना द्यावाच लागतो. दवाखाने, शेती, गावाकडचे रस्ते, बालवाड्या हे सगळं काउंटीच्या अखत्यारीत येतं. मुख्यमंत्री आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष यांच्या मधलं काहीतरी, असं मी पुण्याच्या नातेवाइकांना सांगायचे. त्याच संविधानात आणखी एक वाक्य आहे: निवडून दिलेल्या कोणत्याही सार्वजनिक संस्थेत एकाच लिंगाचे लोक दोनतृतीयांशाहून जास्त असता कामा नयेत. संसदेने त्यासाठीचा कायदा वर्षानुवर्षं केलाच नाही. शेवटी २०२० मध्ये सरन्यायाधीशांनी, याच कारणावरून संसद बरखास्त करावी, असा सल्ला राष्ट्राध्यक्षांना दिला. संसद बरखास्त झाली नाही.

२०१३ च्या पहिल्या काउंटी निवडणुकीत ४७ गव्हर्नर निवडून आले. त्यांत एकही बाई नव्हती. प्रत्येक काउंटीतून एक महिला प्रतिनिधी संसदेत पाठवायची स्वतंत्र जागा होती, आणि महत्त्वाच्या पदावर हक्क सांगणाऱ्या बाईला 'तुमच्यासाठी ती जागा ठेवलीय ना' असं ऐकवायची सोयही त्यामुळे झाली होती. २०१७ मध्ये लाबोसोंनी बोमेटच्या गव्हर्नरपदासाठी उमेदवारी मिळवली ती आयझॅक रुटो यांच्याविरुद्ध. हे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले विल्यम रुटो नव्हेत. आयझॅक रुटो बोमेटचे पहिले गव्हर्नर, सगळ्या गव्हर्नरांच्या परिषदेचे माजी अध्यक्ष, स्वतःचा पक्ष काढलेले, मोठ्या आवाजाचे आणि मोठ्या जनाधाराचे नेते. त्यात भर म्हणजे त्या वर्षी देश जणू दोन छावण्यांत वाटला गेला होता. किप्सिगिस मुलूख बहुतांशी एकीकडे, लुओ दुसरीकडे. लाबोसोंचं माहेर एका छावणीत आणि सासर दुसऱ्या. प्रचारात हत्यार आयतंच मिळालं: ही परक्या घरात दिलेली, हिने तिकडे जाऊन मतं मागावीत.

त्या मोठ्या फरकाने जिंकल्या. त्याच दिवशी किरिन्यागातून ॲन वायगुरू आणि कितुईतून चॅरिटी एनगिलू निवडून आल्या. केनियाच्या इतिहासातल्या पहिल्या तीन निर्वाचित महिला गव्हर्नर. मी मामांना विचारलं, तुम्ही मत का दिलंत? मला वाटलं, रस्त्याचं किंवा दवाखान्याचं काही सांगतील. त्या म्हणाल्या, "मी पण लग्न करून गेले. मग माझं गाव गेलं का?"

आपल्याकडे गोव्यात १९७३ साली भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि त्यांची लेक शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. आडनाव सासरचं, वारसा माहेरचा. जवळजवळ सहा वर्षं त्यांनी राज्य चालवलं आणि लोक त्यांना ताई म्हणत राहिले. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रीपदावर मात्र अजून एकही बाई बसलेली नाही. २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, म्हणजे खालच्या पायऱ्या भरलेल्या आहेत. बोमेटला जे २०१७ मध्ये जमलं, ते आपल्याला कशामुळे जमलेलं नाही, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

लाबोसोंना कारभाराची दोनच वर्षं मिळाली. तेवढ्यावरून त्यांना थोर प्रशासक ठरवणं मला प्रामाणिक वाटत नाही. गावी जाऊन आल्या की मामांकडे बातम्या असायच्या. अमुक रस्त्यावर यंत्रं आली, दवाखान्यात औषधं कधी होती, कधी नव्हती. तक्रारीही असायच्या. त्यांचं मत त्यांनी कुणाला विकलेलं नव्हतं, त्यामुळे बोलताना त्या हातचं राखत नसत.

२०१९ च्या मे महिन्याच्या अखेरीस लाबोसो उपचारांसाठी लंडनला गेल्या आणि तिथून भारतात. हे वाचलं तेव्हा मला वेगळंच ओशाळलेपण आलं. नैरोबीहून मुंबईला येताना माझ्या विमानात नेहमी दोन-चार माणसं अशी असायची: मांडीवर एक्स-रेची मोठी पाकिटं, डोक्याला रुमाल, सोबत बहीण किंवा मुलगा. गावाने हरांबे करून, म्हणजे वर्गणी काढून, त्यांना पाठवलेलं असायचं. तोवर मी त्यांच्याकडे सहप्रवासी म्हणूनच पाहत होते.

बोमेटला कर्करोग परका नाही. तिथल्या टेनवेक या जुन्या मिशन हॉस्पिटलात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे इतके रुग्ण येतात, की जगभरचे डॉक्टर त्याचा अभ्यास करायला जातात. बरेच जण येतात तेच घास उतरेनासा झाल्यावर. मग अन्ननलिकेत जाळीची नळी बसवतात, म्हणजे निदान पेज गिळता यावी. कारणं नेमकी हाती लागलेली नाहीत. कडकडीत गरम चहाकडे बोट दाखवलं जातं, आणि मुर्सिककडेही. मुर्सिक म्हणजे भोपळ्याच्या तुंब्यात, आतून विशिष्ट लाकडाचा कोळसा घासून, आंबवलेलं दूध. किप्सिगिस घरात त्याला फार मान. धावण्याच्या शर्यती जिंकून आलेल्या खेळाडूंना विमानतळावर तुंब्यातून पाजतात ते हेच. लाबोसोंचा आजार वेगळा होता. पण ज्या बाईच्या हाती काउंटीचे दवाखाने होते, तिलाही उपचारांसाठी समुद्र ओलांडावा लागला, हे लोकांच्या नजरेतून सुटलं नाही. सरकारी रेडिओथेरपी त्या देशात कित्येक वर्षं नैरोबीच्या केन्याटा नॅशनल हॉस्पिटलातच मिळायची. बोमेटच्या गरीब माणसाला तिथेही पोचता पोचता महिने जायचे.

तो जुलै नैरोबीला भारी गेला. १ तारखेला सफारिकॉम या मोबाइल कंपनीचे प्रमुख बॉब कॉलिमोर गेले, २६ ला किबराचे तरुण खासदार केन ओकोथ, आणि २९ ला, सोमवारी, जॉइस लाबोसो. तिघेही कर्करोगाने. लाबोसोंना भारतातून परतून काही दिवसच झाले होते. वय अठ्ठावन्न. नंतर त्यांच्या पतींनी सांगितलं, की कर्करोगाचं पहिलं निदान १९९१ साली झालं होतं. म्हणजे एगर्टनमधले तास, बहिणीचं जाणं, पहिला प्रचार, उपसभापतीची खुर्ची, अंगावर फेकलेलं पाणी, 'नवऱ्याच्या गावी जा', हे सगळं त्या निदानानंतरचं. मी ते वाचून वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि मामा आल्यावर त्यांच्या हातात दिलं. त्या म्हणाल्या, "पोले." दुःखाच्या वेळी तिथे एवढंच म्हणतात. मग त्यांनी सुट्टी मागितली.

बोमेटच्या स्टेडियमवर लोकांनी लाबोसोंचं अंत्यदर्शन घेतलं. शनिवारी, ३ ऑगस्टला, त्यांचं दफन झालं ते फोर्ट टर्ननला, सासरी.

केनियात दफनाची जागा हा साधा प्रश्न नाही. डिसेंबर १९८६ मध्ये एस. एम. ओटिएनो नावाचे नामांकित लुओ वकील नैरोबीत वारले. त्यांच्या किकुयू पत्नी वांबुई ओटिएनो यांना त्यांचं दफन आपल्या जमिनीत करायचं होतं, त्यांच्या कुळाला गावी. खटला पाच महिने चालला, देशभर रोज त्याचीच चर्चा. शेवटी न्यायालयाने कुळाच्या बाजूने निकाल दिला आणि मे १९८७ मध्ये दफन गावी झालं. माणूस कोणत्या मातीत जातो यावरून तो कुणाचा हे ठरतं, असं तिथे मानतात. लाबोसोंचं दफन झालं त्याच शनिवारी नैरोबीत केन ओकोथ यांना कारियोकोरच्या हिंदू स्मशानभूमीत अग्नी दिला गेला, आणि त्यावरूनही केवढं वादळ उठलं.

फोर्ट टर्ननला मी एकदा गेले होते. चहाचे मळे मागे पडतात, उतार लागतो आणि उसाचे पट्टे सुरू होतात. किसुमूकडे जाणारा जुना रेल्वेमार्ग तिथून जातो. हिंदुस्थानातून आणलेल्या मजुरांनी बांधलेली ही रेल्वे १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाला टेकली. त्या कामात सुमारे अडीच हजार मजूर मेले. ते कुणाच्या मातीत गेले, हे कुणी विचारलं नाही.

मामा मंगळवारी परतल्या. मला विचारल्याशिवाय राहवेना. म्हटलं, तिला बोमेटला का नाही ठेवलं? त्या कोथिंबीर निवडत होत्या. म्हणाल्या, मुलं तिकडची आहेत, नवरा तिकडचा आहे, तिला एकटं कसं ठेवायचं. त्यात राग नव्हता. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, "पण आमच्याकडून नेली तेव्हा गाडी हळू चालली होती. बायका बाजूने चालत होत्या."

मी त्यांना ओटीबद्दल सांगितलं. लेक माहेराहून निघाली की तिच्या पदरात तांदूळ, नारळ, खण घालतात. पदर कसा धरायचा हे मी ओढणी घेऊन करून दाखवलं. त्यांनी नीट पाहून घेतलं. म्हणाल्या, आमच्यात जाणाऱ्याला असं काही नाही, आम्ही येणाऱ्याला मुर्सिक देतो.

२०२२ मध्ये केनियात सात महिला गव्हर्नर निवडून आल्या. तोवर मी पुण्याला परतले होते. त्या रात्री फोनवर मामांनी एकेका काउंटीचं नाव घेतलं, आणि कोणती बाई माहेरी उभी होती, कोणती सासरी, हे त्यांना बहुतेकींचं ठाऊक होतं. आत्या शेजारीच जप करत बसली होती. तिने विचारलं, कुणाचा फोन? मी म्हटलं, मामांचा. तिला वाटलं माझा मामा, आणि तिने हात पुढे केला. मी फोन तिच्या हातात दिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पलीकडून मामा काहीतरी बराच वेळ बोलल्या. आत्या ऐकत होती, मान हलवत होती, आणि मध्ये मध्ये म्हणत होती, "हो, हो. बरं झालं."